कुटाराची रजई

पिंजाऱ्याची धनुकली वाजायला लागली की आमच्याकडे थंडी आली असं समजावं. दिवाळी आटोपलेली असते. पूर्णेवरचं धुकं पहाटे काळ्या रानात शिरतं आणि ऊन चढेपर्यंत हलायचं नाव घेत नाही. तूर फुलावर येते, म्हातारी माणसं भिंतीला पाठ लावून उन्हाकडे तोंड करून बसतात, आणि वेशीकडून धनुकलीच्या तातीचा आवाज येतो, टंय टंय टंय. मी हातातलं काम टाकून रजया अंगणात आणून ठेवते. नुसत्या आमच्या घरच्या नव्हे. वेशीजवळच्या कासाई म्हातारीची, आंधळ्या भिवा कुंभाराची, आणि ज्यांना कोणी विचारत नाही अशा आणखी काही म्हाताऱ्यांच्याही. गावात मला रजईवाली म्हणतात. म्हणोत बापडे.

पिंजारीचाचा एकेक रजई उसवतो. वर्षभर दबून दगड झालेला कापूस तातीखाली फुगत वर येतो आणि चाचाच्या भुवया पांढऱ्या होतात. सगळ्यांत शेवटी तो माझ्या भासऱ्यांची रजई घेतो. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्या रजईएवढी जाड रजई गावात दुसरी नाही. पण तिचा उशाकडचा कोपरा उसवला की आतून कापडाची एक पुरचुंडी निघते. चाचा ती उचलून दगडावर ठेवतो, विचारत काही नाही. रजई पुन्हा भरून झाली की माझ्याकडे बघतो. मग मी पुढे होते आणि ती पुरचुंडी होती तिथेच, निजलेल्या माणसाच्या बरोबर कानाशी येईल अशी, टाक्यांत धरून शिवते. तिच्यात तुरीचं कुटार असतं. शेंगा झोडपल्यावर जो चुरा उरतो आणि आपण गुरांपुढे टाकतो, ते. अंग हललं की ते वाजतं.

मी असं का करते, ते सांगते. मला त्याची लाज नाही.

कापूस सोनं झाला होता तेव्हाची गोष्ट. दूर कुठेतरी गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती आणि तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता, एवढंच आम्हाला कळलं होतं. कोणाची लढाई, कशावरून, देव जाणे. पण अमरावतीच्या बाजारात गाडी रिकामी करून आलेला माणूस गावात शिरायचा तो मिशांना पीळ देतच. ज्यांच्या घरात जन्मात चांदीचा तुकडा नव्हता त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. आमच्या भासऱ्यांनी गाडीच्या चाकालासुद्धा चांदीची पट्टी मारली आणि ती गाडी कौंडण्यपूरच्या जत्रेत मिरवून आणली. देवाचं दर्शन झालं का, असं जाऊबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, गर्दी फार होती. गाडीभोवतीच्या गर्दीबद्दल बोलत होते ते.

त्या वर्षी पिंजारी आला नाही. आला असता तर करता काय? लोक रजया पिंजून घेत नव्हते, उसवून विकत होते. दलाल जुना-नवा बघत नव्हता. पांढरं दिसलं की घातलं तराजूत. गाद्या गेल्या, उशा गेल्या, बाळंतिणीच्या दुपट्यातला कापूस गेला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं इतकं विकलं की पिकवणाऱ्याच्या अंगावर पांघरायला उरलं नाही. अख्खं वऱ्हाड गोणपाटावर निजलं. तरण्याताठ्यांचं काय बिघडत होतं? अंगात रक्त होतं आणि डोळ्यांपुढे चांदी. कुडकुडली ती म्हातारी माणसं.

त्याआधी असं नव्हतं. शेतातला शेवटचा वेचा झाला की मालक पऱ्हाटीला हात जोडायचा आणि वावरातून बाहेर पडायचा. मग बोंडांत अडकलेला, मातीत पडलेला, कवडी झालेला जो काही कापूस राही तो सरवा म्हाताऱ्यांचा आणि विधवांचा. कोणी दिला म्हणून नाही, तो त्यांचाच असायचा. दिवस वर आला की ती माणसं पाठीत वाकून वावरभर फिरत, गप्पा मारत, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत. ओटीभर कापूस व्हायचा. दोन-तीन वर्षांत त्यातून रजई उभी राहायची. पऱ्हाटीही त्यांनीच उपटून न्यायची, शेकोटीला. मला हा रिवाज आत्याबाईंनी शिकवला. त्या मला मागे घेऊन चालायच्या आणि काठीच्या टोकाने दाखवायच्या, हे बघ, हे राहिलं, हे राहिलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. न कळत्या वयात लग्न, न कळत्या वयात कपाळ पांढरं. माझ्या सासूबाई बाळंतपणात गेल्या तेव्हा हिनेच दोन्ही भावांना वाढवलं. भासऱ्यांचं नाव मी घेत नाही, ती घ्यायची. दौलत. दौलतला लहानपणी थंडीत खोकल्याची ढास लागायची, मग ही त्याला स्वतःच्या पोटाशी घेऊन पदराखाली निजवायची, असं ती मला सांगायची. तिचे पाय हिवाळ्यात विहिरीच्या काठासारखे गार पडत. मी ओवा घालून तिळाचं तेल कढवायची आणि तिचे तळवे चोळायची. ती डोळे मिटून म्हणायची, गिरजे, पुरे झालं, हात दुखतीन तुझे. आणि पाय मात्र मागे घ्यायची नाही.

त्या थंडीत आमच्या घरातली एक खोली कापसाने आढ्याला लागली होती. दार उघडलं की तो बाहेर ढासळायचा. तरी भासऱ्यांचं पोट भरलं नव्हतं. एका सकाळी त्यांनी आत्याबाईंची रजई अंगणात आणली आणि विळ्याने स्वतःच्या हाताने उसवली. किती वर्षांच्या सरव्याची रजई ती. कापूस पिवळा पडला होता. त्यांनी तो नव्या कापसात कालवला, चांगला मिसळला, आणि रिकाम्या खोळीत पाटीभर कुटार कोंबून जाऊबाईंना शिवायला दिली. आत्याबाई जोत्यावर बसून बघत होत्या. त्यांना वाटलं, पिंजायलाच काढली असेल.

आणि अंथरूण कुठे घातलं म्हणता? त्या कापसाच्या खोलीच्या दाराशी, उघड्या ओसरीवर. म्हातारीला झोप कमी, राखण होईल. आत आढ्यापर्यंत कापूस आणि उंबऱ्यावर म्हातारी कुटारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते. आत्याबाई भासऱ्यांना म्हणाल्या, आणि त्यात तक्रार अशी नव्हतीच, नुसतं सांगत होत्या,

"दौलत, रजईचा आवाज येते रे. झोप नाई लागत."

भासरे दात घासत होते. चूळ भरून म्हणाले, "आवाज येते तं जागी राय. चोर तरी फिरकणार नाई."

आणि हसले. बाहेर बैल जुंपणारे गडीही हसले. आत्याबाई पण थोड्या हसल्या, पोराचं मन राखायला. माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

मी बोलले नाही. बोलणार कशी? भासऱ्यापुढे धाकटी सून बोलत नाही, पदर डोळ्यांच्या वर सरकू देत नाही, त्यांच्या सावलीवर पाय देत नाही. त्यांना माझ्याशी बोलायचं असलं की ते भिंतीशी बोलत, "घरात कोणाले तरी सांगा." मी उत्तर द्यायचं ते भांड्याच्या आवाजाने. माझे घरधनी महिनोन्‌महिने गाड्या घेऊन अमरावतीच्या वाटेवर. जिभेला काम नव्हतं म्हणून मी हातांनी जेवढं होईल तेवढं केलं. विटकर चुलीत तापवून फडक्यात गुंडाळून आत्याबाईंच्या पायांशी ठेवली. माझं दुसरं लुगडं दुमडून रजईखाली घातलं. ज्वारीच्या पेजेत सुंठ घातली. पण टोचणाऱ्या भुश्यात ऊब कुठून यायची? कुटार अंगावरून सरकतं, मधे पोकळी होते, आणि त्या पोकळीत थंडी येऊन बसते. आत्याबाई खोकायला लागल्या.

मग मी चोरी केली. वेचणीला गेले की चार-सहा बोंडांचा कापूस मुठीत दाबून काचोळीत ठेवायची. घरी आणून एका मडक्यात साठवायची. बांधावर प्रत्येक वेचणारीची ओटी झाडून घ्यायचा हुकूम होता, पण घरच्या सुनेची कोण झाडणार, असं मला वाटलं. जाऊबाईंनी झाडली, काचोळीसकट. मजुरणींच्या देखत. पांढरे चार पुंजके मातीत पडले. भासरे बैलाशी बोलले, "पायजा, आता घरातच चोर निघाले." ते पुंजके त्यांनी वाकून उचलले, फुंकर मारून माती उडवली आणि गाठोड्यात टाकले. सरव्यालाही त्या वर्षी कोणाला येऊ दिलं नाही. बांधावर काठीवाला गडी बसवला.

झुलीचं मात्र मी विसरूच शकत नाही. चांदीच्या शेंब्यांच्या बैलांसाठी त्यांनी लाल अलवानाच्या झुली शिवून घेतल्या होत्या, आत बोटभर कापूस घालून. बाजारात बैल उठून दिसावेत म्हणून. पौष लागला, आणि एका संध्याकाळी इतका गारवा सुटला की हौदाच्या पाण्यात हात घालवेना. आत्याबाईंचे ओठ निळे पडले होते. मी गोठ्यात गेले, पवळ्या बैलाच्या पाठीवरची झूल काढली आणि म्हातारीवर घातली. तिने ती गालाशी धरली. शेणाचा वास येत होता झुलीला. "लय ऊन हाये व गिरजे," म्हणाली आणि लगेच झोपली. त्या थंडीत तिला झोपलेली मी तेवढीच पाहिली.

सकाळी गाड्या अमरावतीला निघायच्या होत्या. भासऱ्यांनी गोठ्यात उघडा बैल पाहिला, मग ओसरीवर आले. तिला उठवलंसुद्धा नाही. झूल ओढून घेतली, झटकली, आणि पवळ्याच्या पाठीवर टाकून तंग बांधले. आत्याबाई जाग्या झाल्या आणि हाताने चाचपडत राहिल्या. कुटार वाजत राहिलं. मी दाराआड उभी होते. तेव्हा मी मनात एक गोष्ट ठरवली आणि ती कोणाला सांगितली नाही.

संक्रांतीचा तीळ आत्याबाईंनी खाल्ला नाही. त्याआधीच छाती भरली आणि त्या गेल्या. नाकाकानात घालायला कापूस लागतो, तो मागायच्या आधीच भासऱ्यांनी खोलीत जाऊन मूठ भरून आणला. चांगला, लांब धाग्याचा, पांढरा शुभ्र. लोक म्हणाले, भाच्याने काही कमी पडू दिलं नाही. मेलेल्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत म्हणून रजई शिवेवर टाकली. तिसऱ्या प्रहरी मी तिकडे गेले तर गावची एक गाय ती खोळ शिंगाने फाडून आतलं कुटार खात होती. मी तिला हाकललं नाही. तिने मान वर केली तेवढ्यात मी एक मूठ उचलून पदरात बांधली आणि घरी आले.

घरधनी परत आले तेव्हा कोपऱ्यात बसून रडले आणि मग म्हणाले, म्हातारं माणूस होतं, कधीतरी जायचंच. गावानेही मान डोलावली. शहाणी माणसं म्हणाली, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. काळ सोकावला तर सोकावू द्या. मला म्हातारी मेल्याचंच दुःख आहे. तेव्हाही होतं, आजही आहे. या म्हणी कोण करतं कोण जाणे. ज्याची म्हातारी मेली नाही तो करत असेल.

पुढे ती लढाई संपली म्हणे, आणि कापूस पुन्हा कापूस झाला. काय घाईने उतरल्या शेंब्या! चाकाची चांदी तर खिळ्यांसकट गेली. भासऱ्यांच्या खोलीत भाव चढेल या आशेने दाबून ठेवलेला कापूस तसाच राहिला. उंदरांनी त्यात पिलं घातली. भावांच्या वाटण्या झाल्या. आमच्या वाट्याच्या वावरात मी पहिल्याच वर्षी सरवा पुन्हा सुरू केला. घरधन्यांना म्हटलं, शेवटचा वेचा झाला की मागे वळून बघायचं नाही. त्यांनी ते जन्मभर पाळलं. त्या सरव्याच्या रजया मी भरते. कासाई पहिल्या वर्षी रजई घेताना माझे हात हुंगत बसली होती, वेडी.

अकोल्याला रेल्वे आली, कापूस दाबायची यंत्रं आली, तसे भासऱ्यांचे दोन्ही मुलगे तिकडे गेले ते गेलेच. जाऊबाई वारल्या. माझे घरधनीही गेले. एका थंडीत भासरे आपल्या पडक्या घराच्या दाराशी खोकत बसलेले मला दिसले. तीच ढास, लहानपणची. अंगावर गोणपाट. दोन थंड्यांत कारभार आटोपला असता. गावातल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना वाटत होतं, ही आता पाठ फिरवणार आणि हिच्या मनासारखं होणार.

पण माझ्या मनात ते नव्हतं. थंडीने मेलेलं माणूस सुटतं. आत्याबाई सुटल्याच ना? मी पोरांकरवी निरोप धाडला आणि त्यांना माझ्या ओसरीवर आणवलं. त्या दिवसापासून या गावात त्यांच्याइतकी कोणा म्हाताऱ्याची बडदास्त झाली नसेल. सकाळी ऊन जिथे पहिल्यांदा पडतं तिथे त्यांची खाट. दुपारी भिंत तापली की तिच्याशी पाठ. अंघोळीला कढत पाणी, तेही वारा पडल्यावर. गरम भाकरी, जवसाची चटणी, मेथीचा लाडू, झोपताना हळदीचं दूध. पायांना तिळाचं तेल गडी चोळतो, ओवा मी कढवते. शेगडी विझू देत नाही. कपाळाला गार वारा लागू नये म्हणून कानटोपी शिवली. आणि चाचाकडून पिंजून घेतलेली ती रजई, गावात सगळ्यांत जाड. बायका म्हणतात, गिरजाबाई, तू देवमाणूस. मी ऐकून घेते.

पहिल्या रजईत मी पदरातली ती मूठ घातली होती. काही वर्षांत तिचा भुगा झाला. मग नवीन घातलं. तुरीचं कुटार काय, दरवर्षी निघतं.

त्यांनी कूस बदलली की ते वाजतं. सुरुवातीला त्यांनी रजई उलटी करून बघितली, तर मी सुलटी करून घातली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तोंडाने त्यांनी कधी विचारलं नाही. पण दिवसा उन्हात बसले की त्यांचं बोट त्या कोपऱ्याशी जातं, चाचपतं, आणि मागे येतं. ते मला दिसत होतं. मी वाट बघत होते. इतक्या थंड्या मी त्यांना धडधाकट ठेवलं ते कशासाठी?

परवा चाचा रजया पिंजून गेला. काल सकाळी भासरे खाटेवर बसले होते, रजई गुडघ्यांवर. धुकं अजून उठलं नव्हतं. मी शेगडी आणून ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, नेहमीसारखं भिंतीकडे तोंड केलं. आवाज अगदी बारीक झालाय आता.

"घरात कोणाले तरी सांगा," ते म्हणाले, "रजईचा आवाज येते. झोप नाई लागत."

तेच शब्द. त्यांना आठवत होते की नकळत आले, मला सांगता येणार नाही. मी उभी राहिले. डोक्यावरचा पदर मागे सारला आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा भासऱ्यांच्या तोंडाकडे बघून बोलले.

"आवाज येते तं जागे राहा, भाऊजी. चोर तरी फिरकणार नाई."

ते माझ्याकडे बघत राहिले. आधी मी बोलले याचंच त्यांना नवल वाटलं असावं. मग हात आपोआप त्या कोपऱ्याकडे गेला, आणि या वेळी तो मागे आला नाही. पुरचुंडी मुठीत धरून ते बसून राहिले. म्हणाले, "झूल... पवळ्याची..." आणि ढास लागली. मी पाठ चोळली, कोमट पाणी पाजलं, कानटोपी खाली ओढली आणि रजई गळ्यापर्यंत नीट खोचून दिली. ती वाजली.

यंदा थंडी लांबणार म्हणतात. लांबू दे. मी गोवऱ्या पुष्कळ थापून ठेवल्या आहेत.